'शुभेच्छा' कापताना शब्द का तुटतो? नवीन ब्लेड घेण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नुकतंच कटिंग मशीन (कॉम्प्युटरवरून दिलेला आकार ब्लेडनं कागदात कापणारं) घेतलंय आणि राखी-गणपतीच्या आधी हातानं बनवलेली ग्रीटिंग विक्रीला ठेवायची आहेत. इंग्रजी शब्द छान कापले जातात. पण 'शुभेच्छा' कापायला घेतलं की 'शु' सुटून बाजूला पडतो, शिरोरेषेवर प्रत्येक अक्षरापाशी उभी चीर दिसते, 'अभिनंदन'चा अनुस्वार सापडत नाही, आणि 'च्छा' मॅटवरून (कागद ज्या चिकट पाटीवर लावून मशीनमध्ये घालतो तिच्यावरून) उचलताना शिरोरेषेखालच्या बारीक मानेपाशी फाटतो. दुकानदारानं महागडं ब्लेड घ्यायला सांगितलंय, ते घेऊ का?

आत्ता घेऊ नका. या चार तक्रारींपैकी पहिल्या तीन ब्लेडमुळे नाहीतच. चौथीत ब्लेडचा थोडा वाटा असेल, पण जास्त वाटा कागदाचा आणि फॉन्टचा आहे. मी आधी पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये अक्षरजुळणी करायचे, आणि गेली आठ वर्षं घरून कार्डं बनवते. मराठी शब्द कापणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हेच अनुभव येतात, कारण मशीनसोबत येणारी सगळी माहिती रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली असते.

तुमचं मशीन कोणतं, कागद किती जाडीचा, शब्द कापून वर चिकटवायचा आहे की कार्डालाच खिडकीसारखा कोरायचा आहे, यावर आकडे बदलतील. मी देते ते आकडे माझ्या टेबलावरचे आहेत. तुम्ही ते सुरुवातीला धरा आणि आपल्या कागदावर पडताळून घ्या. विचार करायची पद्धत मात्र सगळीकडे एकच.

आधी शिरोरेषेवरच्या चिरांबद्दल. मशीनला अक्षर कळत नाही. त्याला फक्त बंद रेघ कळते आणि त्या रेघेवरून ते ब्लेड फिरवतं. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा ही संपूर्ण शब्दावर ओढलेली एक रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, आणि फट दिसू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर जरासे चढवलेले असतात. पडद्यावर सगळं काळं भरलेलं असल्यामुळे हा चढाव दिसत नाही. मशीन मात्र 'च्छ'ची बाह्यरेषा वेगळी कापतं आणि 'ा'ची वेगळी, म्हणून जिथे दोन्ही एकमेकांवर चढतात तिथे ब्लेड शिरोरेषा छेदून जातं. काही फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराच्या आतही दोन आकार असे एकमेकांवर ठेवलेले असतात.

यावर उपाय वेल्डचा. सगळे आकार वितळवून एक करायचे, म्हणजे आतल्या रेघा नाहीशा होतात आणि फक्त बाहेरची सीमा उरते. क्रिकट आणि सिलुएट या दोन्ही कंपन्यांच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड आहे. क्रिकटच्या डिझाइन स्पेसमध्ये ग्रुप, अटॅच आणि वेल्ड या तिघांची गल्लत करू नका. ग्रुप फक्त पडद्यावर हलवण्यापुरता असतो. कापायला पाठवलं की कागद वाचवण्यासाठी तुकडे मॅटवर हवे तसे हलवले जातात, आणि अनुस्वार 'हरवतो' तो बहुतेक असाच, कुठेतरी कोपऱ्यात कापला गेलेला असतो. अटॅच केल्यावर तुकडे जागचे हलत नाहीत, पण एकमेकांवर चढलेल्या रेघा तशाच कापल्या जातात. चिरा जातात त्या फक्त वेल्डनं.

शब्द मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइपही करू नका. अशा सॉफ्टवेअरमध्ये माझी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आहे, जोडाक्षर पाय मोडून सुटं पडलं आहे, काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला दिसला आहे. मी शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. ते मोफत आहे आणि युनिकोड मराठी नीट जुळवतं. शब्द लिहायचा, फॉन्ट ठरवायचा, मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं. आता तो मजकूर राहिला नाही, आकार झाला. अनग्रुप करायचं, सगळं निवडायचं आणि त्याच मेनूतून 'युनियन'. त्यानंतर व्ह्यू मेनूतल्या डिस्प्ले मोडमध्ये जाऊन 'आउटलाइन' निवडायचं. भरलेला रंग गेला की मशीनला जे दिसणार ते तुम्हालाही दिसतं. मी दर शब्दाला हे करतेच, कितीही घाई असली तरी. शिरोरेषेत एक जरी उभी रेघ दिसली तर युनियन नीट झालेलं नाही.

मग प्लेन एसव्हीजी (आकाराच्या रेघा जशाच्या तशा साठवणारी फाइल) म्हणून सेव्ह करा. तुमच्याकडे सिलुएट असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी उघडेलच असं नाही. नाही उघडलं तर डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारात सेव्ह करा, किंवा मोठं, स्वच्छ पीएनजी चित्र काढून ट्रेस करा, म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्याच्या कडा काढून घ्या. फाइल आत घेतल्यावर शब्दाची रुंदी मिलिमीटरमध्ये तपासा, कारण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना माप बदलू शकतं. गिऱ्हाईक कधीकधी प्रेसमधली श्रीलिपीतली (युनिकोडऐवजी स्वतःचे फॉन्ट वापरणाऱ्या मराठी सॉफ्टवेअरमधली) जुनी फाइल पाठवतं. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसेल. प्रेसवाल्यांना 'कर्व्ह्ज करून पाठवा' (म्हणजे अक्षरांचे आकार करून) एवढंच सांगा, ते लगेच समजतील.

आता 'शु' सुटण्याबद्दल. हे मला सविस्तर लिहायचंय, कारण यात मी स्वतः मोठी चूक केली आहे.

देवनागरीत थ, ध, भ या तीन अक्षरांवर शिरोरेषा पूर्ण नसते. डाव्या बाजूला ती उघडी असते, फक्त उजव्या दंडावर (अक्षराच्या उभ्या रेघेवर) असते. ती उघडी ठेवण्याचं कारण वाचनाचं आहे. तिथे रेघ ओढली तर 'भ'चा 'म' होतो, 'ध'चा 'घ' आणि 'थ'चा 'य'. लिहिताना किंवा छापताना या मोकळ्या जागेचा काही त्रास नाही. कापताना मात्र शब्द तिथेच तुटतो, कारण आधीच्या अक्षराला धरून ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे शिरोरेषा, आणि ती नेमकी तिथेच नाही. म्हणून 'शुभेच्छा'चे 'शु' आणि 'भेच्छा' असे दोन तुकडे होतात. 'आभार'मधला 'आ' सुटतो. 'शुभारंभ' तर दोन ठिकाणी तुटतो. नावांमध्ये अथर्व, सौरभ, राधा, माधव यांचंही तेच. 'धन्यवाद' मात्र सलग निघतो, कारण 'ध' पहिलाच आहे आणि त्याच्या डावीकडे जोडायला कोणी नाही. 'अभिनंदन'सुद्धा सलग राहतो. तिथे 'भ'च्या आधी ऱ्हस्व वेलांटीचा दंड येतो, 'अ'ची शिरोरेषा त्या दंडाला मिळते आणि वेलांटीची कमान वरून जाऊन 'भ'च्या दंडावर उतरते. आपोआप पूल तयार झाला. म्हणून तुमच्याकडे 'अभिनंदन'चा फक्त अनुस्वार गेला, शब्द तुटला नाही.

माझी चूक अशी. एका लग्नाच्या १२० कार्डांवर 'शुभ विवाह' कापून लावायचं होतं. 'शु' आणि 'भ' वेगवेगळे चिकटवायला वेळ लागतो म्हणून मी फाइलमध्ये 'शु'ची शिरोरेषा 'भ'च्या दंडापर्यंत ओढली. शब्द सलग निघाला आणि मी साठ कार्डं लावून टाकली. मुलीचे आजोबा नमुना बघायला आले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'शुम विवाह'. लग्नाच्या कार्डावर 'शुभ' चुकलं होतं. मला फार वाईट वाटलं. ती साठही कार्डं मी पुन्हा केली. तेव्हापासून नियम आहे की थ, ध, भ यांच्या वरची मोकळी जागा कोणत्याही कारणासाठी बुजवायची नाही. जोड द्यायचा तर दुसरीकडून.

तो देता येतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वेल्डच्या आधी 'भेच्छा' हा भाग उचलून डावीकडे सरकवायचा, 'भ'च्या डाव्या गाठीचा कडा 'श'च्या दंडात साधारण १ मिलिमीटर शिरेपर्यंत. मात्र त्याआधी 'शु'च्या शिरोरेषेचं दंडाच्या पुढे आलेलं टोक कापून दंडाशी सपाट करा, नाहीतर ते 'भ'च्या गाठीवर जाऊन बसतं आणि पुन्हा 'म'चा भास होतो. दुसरा उपाय 'शु'च्या उकाराचं टोक लांबवून 'भ'च्या पायाशी टेकवायचं. हे हस्ताक्षरासारख्या वळणात शोभतं, सरळ ठोकळ्या अक्षरात ओढूनताणून केल्यासारखं दिसतं. 'भे'च्या मात्रेचं टोक डावीकडे ताणून 'श'वर टेकवण्याचाही प्रयोग मी केला होता. तो करू नका. कमान तयार होते आणि ती वेलांटी वाटायला लागते.

तिसरा उपाय म्हणजे शब्दाखाली सावलीचा थर ठेवायचा. शब्दाची बाह्यरेषा २ ते ३ मिलिमीटर बाहेर फुगवली की सगळे तुकडे, अनुस्वारांसकट, एका ढगासारख्या आकारात येतात. तो आकार दुसऱ्या रंगात कापायचा आणि त्यावर शब्दाचे तुकडे बसवायचे. त्यासाठी शब्दाला अजिबात हात लावावा लागत नाही. अक्षराचं वळण सुंदर असेल आणि ते बिघडवायला मन होत नसेल तेव्हा मी हाच उपाय करते. कागद दुप्पट लागतो आणि वेळही, तेवढं किमतीत धरा.

अनुस्वाराचं उत्तर थोडं वेगळं आहे. तो स्वभावानंच सुटा आहे. वेल्डनं तो जोडला जाणार नाही, कारण तो कशालाच टेकलेला नाही. एक रस्ता म्हणजे ठिपका खाली आणून शिरोरेषेत अर्धा मिलिमीटर बुडवायचा. वाचायला अडचण येत नाही, शिरोरेषेवर मणी ठेवल्यासारखा दिसतो. जाड, गोलाकार फॉन्टमध्ये हे चांगलं दिसतं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: अनुस्वार कापायचाच नाही, वरून लावायचा. अर्धा मोती, कुंदनचा खडा, किंवा सरळ कपाळाची टिकली. हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर 'संक्रांत'चे दोन्ही अनुस्वार मी लाल टिकल्यांचे करते आणि बायका ते कार्ड हातात घेऊन पहिल्यांदा त्या टिकल्यांवरच बोट ठेवतात. कागदाचाच हवा असेल तर ३ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका कापू नका. तो मॅटवरून निघताना वाकतो किंवा ब्लेडच्या घरात अडकतो. मी उरलेल्या कागदावर पंचवीस-तीस जादा ठिपके कापून डबीत ठेवते.

'हॅपी'सारख्या शब्दात चंद्र येतो, तो काही फॉन्टमध्ये शिरोरेषेला टेकलेला असतो, काहींत तरंगतो. आउटलाइनमध्ये बघून घ्या आणि तरंगत असेल तर खाली उतरवा.

आता 'छ' फाटण्याविषयी. ट, ठ, ड, ढ, द, छ, ह, ळ ही अक्षरं शिरोरेषेला एका छोट्या मानेनं लटकलेली असतात. ग, ण, श यांचा डावा भाग दंडाला कुठेच टेकत नाही, त्यालाही फक्त शिरोरेषेचाच आधार. 'गणेश' हा शब्द बघा. शिरोरेषा काढली तर त्याचे सहा तुकडे होतील. म्हणजे अख्ख्या शब्दाचा भार शिरोरेषेवर आणि या मानांवर आहे. मान बारीक असेल तर उचलताना अक्षर तिथे पिळतं आणि फाटतं. म्हणून फॉन्ट निवडताना मी अक्षराचं एकूण सौंदर्य नंतर बघते, आधी मानेची जाडी बघते. २०० ते २५० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साध्या कार्डस्टॉकला, म्हणजे जाड कागदाला, सगळ्यात बारीक जागा १ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. ग्लिटरच्या कागदाला दीड मिलिमीटर, कारण त्यावरचे कण कडेला सुटतात आणि बारीक रेघ दातेरी होते.

फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप' या संस्थेच्या 'बलू' फॉन्टचं जाड वजन (ठळक रूप) कापायला उत्तम आहे. गोल कडा, सगळीकडे साधारण सारखी जाडी, माना मजबूत. त्यांचंच 'मुक्त' ठळक वजनात सरळ आणि स्वच्छ निघतं, पत्रिकेसारख्या गंभीर कार्डाला बरं. 'मोदक' दिसायला मोहक आहे, पण अक्षरं इतकी भरलेली की आतल्या फटी अगदी अरुंद. शब्द मोठा असेल तरच घ्या, नाहीतर त्या फटीतले कागदाचे दोरे सुईनं काढत बसावं लागेल. बोरूच्या वळणाचे, बारीक-जाड रेघ असलेले फॉन्ट छापायला सुंदर, कापायला अवघड. त्यांच्या बारीक रेघा कागदात टिकत नाहीत. तरीही एखादा तसा फॉन्ट हवाच असेल तर इंकस्केपमध्ये आकार थोडा बाहेर फुगवा, सगळ्या बाजूंनी ०.२ ते ०.३ मिलिमीटर. त्यापुढे गेलात तर 'छ'ची आणि 'क्ष'ची पोकळी बुजते. 'बलू', 'मुक्त' आणि 'मोदक' हे तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि त्यांचा परवाना खुला आहे, त्यामुळे त्यात कापलेली कार्डं विकायला हरकत नाही. इकडून तिकडून उतरवलेल्या फॉन्टचं तसं नसतं, विकण्याआधी परवाना वाचा.

'दुसऱ्या वाढदिवसाच्या' असं काही कापायचं असेल तर 'ऱ्या' आधी तपासा. मराठीतला तो पापणीसारखा र सगळ्या फॉन्टमध्ये नीट नसतो, आणि असला तरी बारीक आणि आडवा असल्यामुळे तो पहिल्यांदा फाटतो.

मापाबद्दल. फॉन्टचा आकडा विसरून जा. आपली लिपी तीन मजली आहे: वर मात्रा-वेलांटी-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. मी मधला मजला मोजते, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. तो २० मिलिमीटर असला की कापणं निवांत होतं, १५ च्या खाली जायला मी कचरते. ५ बाय ७ इंचाच्या कार्डावर 'शुभेच्छा' ९० मिलिमीटर रुंद घेतलं तर मधला मजला बहुतेक फॉन्टमध्ये १५ च्या वर राहतो, म्हणजे तुमचं माप ठीकच असावं. 'वाढदिवस' तेवढ्याच रुंदीत घेतलं तर तो आणखी थोडा खाली उतरतो, तरी चालतं. पण 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे सगळं एका कार्डावर कापायचा हट्ट नको. एक शब्द कापा, बाकी हातानं लिहा. मशीनमध्ये पेन लावून लिहिता येतं खरं, पण साध्या फॉन्टमध्ये ते अक्षराच्या दोन्ही कडा रेखाटतं आणि आतून पोकळ अक्षर मिळतं. तुमचं स्वतःचं अक्षर त्यापेक्षा बरं दिसेल, आणि कार्ड हातानं बनवलंय हे घेणाऱ्यालाही कळेल.

कागदाबद्दल. शब्द ३०० जीएसएममध्ये कापू नका, तो कार्डाच्या पाठीला ठेवा. शब्दाला २०० ते २५० पुरे. आतून पांढरा आणि वरून रंगीत असा कागद घेतलात तर कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसते, म्हणून आरपार रंगीत घ्या. सुती चिंध्यांचा हातकागद मला जिवापाड आवडतो, पण त्याचा तंतू लांब असतो आणि ब्लेड त्याला कापण्याऐवजी ओढतं. हातकागद पार्श्वभूमीला ठेवा, अक्षर त्यात कापू नका.

आणि ताई, तुमचे सण पावसाळ्यात येताहेत. कोकणपट्टीत किंवा मुंबई-ठाण्याच्या बाजूला असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतलं पाणी पितो. तोच कागद, तेच ब्लेड, तेच सेटिंग, तरी एप्रिलमध्ये स्वच्छ कापला गेलेला शब्द जुलैत फरफटतो आणि मॅटवर कागदाच्या कडा उचलल्या जातात. मी जूनच्या आधी कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते आणि लागेल तेवढाच बाहेर काढते. फाटणं पावसाबरोबर सुरू झालं असेल तर आधी हे करून बघा.

आता ब्लेड. नेहमीचं बारीक टोकाचं ब्लेड या कामाला पुरतं. बाहेर काढून अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात चार-पाच वेळा टोचा, टोकाला अडकलेला कागद निघून जातो. चाचणी घेताना मशीनचा तयार चौकोन कापू नका, चौकोन सगळ्यांनाच जमतो. मी कागदाच्या कोपऱ्यात १५ मिलिमीटरचा एकटा 'छ' कापते. तो सोलून अखंड आला तर सेटिंग बरोबर. आला नाही तर दाब वाढवण्याऐवजी तोच दाब ठेवून दोनदा कापा. जास्त दाबानं ब्लेड वळणावर कागद ढकलतं आणि मान तिथेच कमजोर होते. ग्लिटरचा कागद असेल तर शब्द आरशात उलटा करून मागच्या बाजूनं कापा, कडा बऱ्याच स्वच्छ येतात. उलटा करायला मात्र विसरू नका.

फाटण्याचं आणखी एक कारण, आणि मला वाटतं तुमच्याकडे हेच असावं: नवीन मॅट. कोरी मॅट फार चिकट असते. ती आधी स्वच्छ सुती कपड्यावर दोन-तीनदा दाबून तिचा चिकटपणा कमी करा. क्रिकटच्या मॅट वापरत असाल तर साध्या कार्डस्टॉकला हिरवी घ्या. नाजूक कागदाला निळी, जांभळी ग्लिटरसारख्या जाड मालाला. आणि शब्द मॅटवरून सोलायचा नाही, मॅट शब्दापासून सोलायची. मॅट टेबलावर पालथी घाला, कागद तळहाताखाली सपाट दाबून धरा आणि मॅट वर वाकवत मागे न्या. कागद सपाट राहतो, वाकते ती मॅट. मानेवर ताण येतच नाही. नंतर उरलेले तुकडे पातळ पात्यानं शिरोरेषेच्या बाजूनं उचला, कधीही पायाकडून नाही. पायाकडून उचललेला 'ढ' किंवा 'द' मानेवर मुरडतो.

तुम्ही खिडकीबद्दल विचारलं नाही, पण कधीतरी विचाराल, म्हणून दोन शब्द. शब्द कापून वर चिकटवताना शिरोरेषा आपली मैत्रीण असते. शब्द कार्डातच कोरून आरपार खिडकी करायची असेल तर तीच अडचण करते. प, म, स यांची पोकळी शिरोरेषेनं वरून बंद होते, व, ब यांची गोल पोकळी मुळातच बंद असते, आणि कोरल्यावर ते मधले तुकडे बेटासारखे सुटून पडतात. प्रत्येक बेटाला दीड मिलिमीटरचा तरी पूल ठेवावा लागतो, जसे स्टेन्सिलच्या पत्र्यावर ठेवतात. हा पूल दंडात किंवा शिरोरेषेत सरळ, एकाच रुंदीचा ठेवलात तर वळण वाटतो, कुठेही वेडावाकडा ठेवलात तर चूक वाटते. सुरुवातीला खिडकी टाळा.

चिकटवताना मोठ्या शब्दावर, जागच्या जागी असतानाच, कमी चिकट मास्किंग टेप लावून संपूर्ण शब्द एकदम उचला, मागून गोंद लावा आणि कार्डावर ठेवून टेप हळू काढा. 'शु' आणि 'भेच्छा' सुटे ठेवले असतील तर त्यांच्यातलं अंतर याच युक्तीनं टिकतं. साधा फेव्हिकॉल पाण्याचा असतो, बारीक अक्षर त्यानं सुरकुततं. लावायचाच तर सुईच्या टोकानं, शिरोरेषेवर आणि दंडांवर ठिपके द्या, पोटात नाही. शब्द उंचावून लावायचा असेल तर शिरोरेषा चांगली कामाला येते: फोमच्या दुहेरी टेपची अरुंद पट्टी तिच्यामागे लांबीभर लावा आणि दंडांच्या पायाशी छोटे तुकडे.

तर सध्या 'शुभेच्छा' पुन्हा इंकस्केपमध्ये 'बलू'च्या जाड वजनात लिहा, 'भेच्छा' डावीकडे सरकवा, युनियन करा, २२० जीएसएमच्या आसपासच्या आरपार रंगीत कागदावर दोन वेळा कापा आणि मॅट पालथी करून सोला. तरीही 'छ' मानेशी फाटला तर ब्लेड बदला, तेही त्याच प्रकारचं, महागडं नको. आणि त्यानंतरही जमलं नाही तर आउटलाइनचा आणि फाटलेल्या तुकड्याचा असे दोन फोटो टाका, कागदाचं नाव आणि जीएसएमही लिहा, म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते मला सांगता येईल.